नावे विचारणारा मुलगा : अल्लामा अबू रैहान अल-बिरुनी

आमच्या मशिदीच्या मकतबात असरच्या नमाजनंतर मुले कुरआन शिकायला येतात. गेल्या वर्षी आठवीत शिकणारी एक मुलगी सबक संपल्यावर विज्ञानाचे पाठ्यपुस्तक उघडून माझ्यासमोर बसली. घनता, अपवर्तन, जीवाश्म, प्रकाशसंश्लेषण अशा शब्दांखाली तिने पेन्सिलीने रेघा ओढल्या होत्या. उर्दू शाळेत जाणाऱ्या तिच्या चुलत बहिणीच्या पुस्तकात याच गोष्टींना निराळी नावे होती, आणि अकरावीला गेलेल्या भावाला तीच नावे इंग्रजीतून पाठ करावी लागत होती. यांपैकी आपले शब्द कोणते, असे तिने विचारले. घरात कोणीतरी तिला सांगितले होते की हे शब्द आपल्या लोकांचे नाहीत, म्हणून ही विद्याही आपल्यासाठी नाही. दहावीनंतर विज्ञानाचा नाद सोडावा.

मी मदरशात अरबी शिकलो आणि पुढे मराठी विषय घेऊन बी.ए. झालो. दोन्हीकडचे शब्द मला परके नव्हते, तरीही त्या क्षणी तिला समाधानकारक उत्तर देता आले नाही. घरी आल्यावर एका थोर पुरुषाचे चरित्र पुन्हा काढून वाचले. हजार वर्षांपूर्वी त्यांच्यापुढेही हाच प्रश्न होता आणि त्याचे उत्तर त्यांनी आपल्या संपूर्ण आयुष्याने दिले. त्या पुरुषाचे नाव अबू रैहान मुहम्मद इब्न अहमद अल-बिरुनी. मराठी वाचक त्यांना अल्बेरुनी या नावाने ओळखतात.

काथचा मुलगा

हिजरी ३६२ च्या झिलहिज्ज महिन्यात, म्हणजे इ.स. ९७३ च्या सप्टेंबरात, ख्वारिझ्म देशाच्या काथ या नगरात बिरुनींचा जन्म झाला. अमू दर्या ही नदी अरल समुद्राकडे जाताना जो सखल प्रदेश भिजवते तो हा देश. आज त्याचा बराचसा भाग उझबेकिस्तानात आहे. फारसीत बिरून म्हणजे बाहेर. नगराच्या तटाबाहेरचा रहिवासी म्हणून बिरुनी हे नाव पडले असे सांगतात. आज तेथील एका शहराला त्यांचेच नाव दिलेले आहे.

त्यांची मातृभाषा ख्वारिझ्मी होती. ती घरात आणि बाजारात बोलली जाई, परंतु तिच्यात शास्त्राचे ग्रंथ नव्हते. अरबी आणि फारसी या दोन्ही भाषा त्यांना बाहेरून शिकाव्या लागल्या. आपण या दोन्ही भाषांत पाहुणे आहोत ही जाणीव त्यांनी वृद्धापकाळातही लिहून ठेवली आहे. परक्या शब्दांचे ओझे कसे असते हे आपल्या मुलांइतकेच त्यांनाही ठाऊक होते.

बालपणाची एक आठवण त्यांनी स्वतः नोंदवली आहे. त्यांच्या भागात एक रूमी, म्हणजे ग्रीक भाषा जाणणारा मनुष्य येऊन राहिला होता. हा लहान मुलगा शेतातून, कुंपणावरून, बाजारातून बिया, दाणे, फळे आणि पाने गोळा करी, ती त्या माणसापुढे मांडी, प्रत्येकाला त्याच्या भाषेत काय म्हणतात हे विचारी आणि ते नाव लिहून ठेवी. खेळण्याच्या वयात त्याने नावांचा संग्रह आरंभिला होता.

दिव्य कुरआनमध्ये, सूरह बकरहच्या आरंभी, हजरत आदम (अ.) यांच्या निर्मितीची हकीकत आली आहे. अल्लाहतआलाने त्यांना वस्तूंची नावे शिकवली आणि ती नावे फरिश्त्यांना सांगता आली नाहीत. मानवाच्या प्रतिष्ठेचा हा पहिला प्रसंग नावांच्या ज्ञानाचा आहे. तेथे अमक्या भाषेतील नावे आणि तमक्या भाषेतील नावे असा भेद सांगितलेला नाही. काथचा तो मुलगा बिया घेऊन परक्या माणसाच्या दारात उभा राहत होता, तेव्हा तो हाच वारसा मागत होता.

शिक्षण आणि वणवण

ख्वारिझ्मच्या राजघराण्यातील अबू नस्र मन्सूर इब्न इराक हे थोर गणिती त्यांना गुरू म्हणून लाभले. गुरूने त्यांना भूमिती आणि खगोलशास्त्र शिकवले. वयाच्या सतराव्या वर्षी बिरुनींनी अंशांच्या खुणा केलेल्या एका कड्याच्या साहाय्याने सूर्याची उंची मोजून आपल्या नगराचे अक्षांश काढले. पुढे त्यांनी एक मोठा गोल तयार केला आणि त्यावर गावांची स्थाने मांडण्यास सुरुवात केली.

इ.स. ९९५ मध्ये गुरगंजच्या अमीराने काथ जिंकले आणि जुने राजघराणे संपले. बावीस वर्षांच्या बिरुनींना जीव वाचवून पळावे लागले. तो गोल आणि त्यांच्या नोंदी त्या धामधुमीत गेल्या. रय या शहरात त्यांनी दारिद्र्याचे दिवस काढले. तेथील एक विद्वान त्यांची गरिबी पाहून त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेत असे. पुढे त्यांना बरे दिवस आल्यावर तोच मनुष्य स्नेहाने वागू लागला. ही हकीकत त्यांनी कडवटपणा न दाखवता लिहिली आहे.

इ.स. ९९७ च्या मे महिन्यात चंद्रग्रहण होते. बिरुनी काथमध्ये आणि गणिती अबुल वफा बगदादमध्ये होते. दोघांनी आधी ठरवून एकाच ग्रहणाची वेळ आपापल्या ठिकाणी नोंदवली. ग्रहण सर्वांना एकाच क्षणी दिसते, परंतु त्या क्षणी प्रत्येक गावात दिवसाची घटका निराळी असते. पृथ्वी १५ अंश फिरायला एक तास घेते. म्हणून वेळांतील अंतरावरून दोन नगरांच्या रेखांशांतील अंतर काढता येते. शेकडो कोसांवर असलेल्या दोन मुसलमान विद्वानांनी चंद्रालाच घड्याळ केले.

झरा, फूल आणि बर्फ

पुढे कास्पियन समुद्राजवळच्या जुर्जानचा अमीर काबूस याने त्यांना आश्रय दिला. तेथे, इ.स. १००० च्या सुमारास, त्यांनी आपला पहिला मोठा ग्रंथ लिहिला. मराठीत त्याचे नाव गत शतकांचे अवशेष असे सांगता येईल. इराणी, सुग्दी, ख्वारिझ्मी, यहुदी, ख्रिस्ती आणि अरब अशा अनेक समाजांच्या कालगणना व सण यांची त्यात तुलना आहे. परंतु कालगणनेच्या ओघात निसर्गाच्या गोष्टीही येतात.

काही झऱ्यांतून पाणी वर उसळते. लोक त्याला चमत्कार म्हणत. बिरुनींनी सांगितले की अशा पाण्याचा मूळ साठा उगमापेक्षा उंचावर असतो; जमिनीखालून एकमेकांशी जोडलेल्या जागांत पाणी आपली पातळी समान राखू पाहते, म्हणून ते वर येते, आणि साठ्याच्या पातळीपेक्षा अधिक वर ते जाऊ शकत नाही. आज भूजलाच्या पाठात मुले हेच शिकतात.

त्याच ग्रंथात फुलांविषयी एक निरीक्षण आहे. बहुतेक फुलांच्या पाकळ्या तीन, चार, पाच, सहा किंवा अठरा अशा संख्येत आढळतात. सात किंवा नऊ पाकळ्यांची फुले त्यांना आढळली नाहीत. या संख्या भूमितीतील नियमित आकृत्यांशी जुळतात असे त्यांचे म्हणणे होते. सात पाकळ्यांची काही फुले जगात आहेत हे आज माहीत आहे. तरीही फूल हुंगून पुढे न जाता त्याच्या पाकळ्या मोजाव्यात, ही वृत्ती वनस्पतीशास्त्राची पहिली पायरी आहे.

याच काळात त्यांचा तरुण इब्न सीना यांच्याशी पत्रव्यवहार झाला. बिरुनींनी अरस्तूच्या मतांवर प्रश्न विचारले. उष्णतेने पदार्थ प्रसरण पावतात आणि थंडीने आकुंचन पावतात, तर पाणी गोठल्यावर भरलेली बाटली का फुटते? बर्फ पाण्यावर का तरंगते? गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते आणि म्हणून बर्फाची घनता पाण्यापेक्षा कमी असते, हे आपण आज सहज सांगतो. त्या काळी मोठ्या नावाच्या आधाराने उत्तर देण्याची रीत होती. बिरुनींचे अशा उत्तराने समाधान होत नसे. वाद थोडा तीव्र झाला, आणि पुढची उत्तरे इब्न सीना यांचे शिष्य अल-मासूमी यांनी लिहिली.

गझनीत

बिरुनी स्वदेशी परतले आणि ख्वारिझ्मच्या दरबारात काही वर्षे राहिले. इ.स. १०१७ मध्ये सुलतान महमूद गझनवीने तो देश जिंकला आणि तेथील विद्वानांना गझनीला नेले. बिरुनी त्यांत होते. वय ४४ वर्षांचे. मायभूमी दुसऱ्यांदा हातून गेली होती. त्यांना कैदी म्हणावे की दरबारी, हे सांगणे कठीण आहे. स्वतःच्या मर्जीने ते गेले नव्हते एवढे खरे.

दुसऱ्याच वर्षी, ऑक्टोबर १०१८ मध्ये, ते काबूलजवळच्या जैफूर नावाच्या खेड्यात होते. तेथे त्यांना अक्षांश काढायचे होते आणि जवळ एकही उपकरण नव्हते. त्यांनी आकडेमोडीच्या पाटीच्या मागच्या बाजूवर वर्तुळाचा चतुर्थांश आखला, त्याचे अंश पाडले, त्याला ओळंबा लावला आणि सूर्याची उंची मोजली. मनाने इतके विस्कटलेले असतानाही त्यांनी त्या दिवसाचे काम त्या दिवशी केले.

गझनीचा किबला अचूक ठरवावा म्हणून त्यांनी स्थानांच्या निश्चितीवर एक ग्रंथ लिहिला, तो इ.स. १०२५ मध्ये पूर्ण झाला. मशिदीची मेहराब योग्य दिशेला असावी ही धार्मिक निकड; तिच्या पूर्तीसाठी पृथ्वीचा आकार, नगरांमधील अंतरे आणि गोलाची भूमिती यांचा विचार करावा लागला. किबला शोधता शोधता ते भूशास्त्रापाशी पोहोचले. अरबस्तानच्या वाळवंटात विहिरी खोदताना जे दगड निघतात, ते फोडले की आत शिंपले व शंख सापडतात, अशी त्यांनी नोंद केली. यावरून तेथे पूर्वी समुद्र असावा, आणि समुद्र व जमीन यांच्या जागा दीर्घ काळात बदलतात, असा निष्कर्ष त्यांनी काढला. आठवीतल्या त्या मुलीने रेघ ओढलेला जीवाश्म हा शब्द याच दगडांसाठी आहे.

डोंगरावरून पृथ्वी मोजली

खलीफा मामूनच्या काळी पृथ्वीचा परीघ मोजण्यासाठी माणसे सपाट वाळवंटात दोर टाकत एक अंशभर अंतर चालून गेली होती. बिरुनींनी निराळी रीत वापरली. आज पाकिस्तानातील झेलम जिल्ह्यात, मिठाच्या डोंगररांगेत, नंदना नावाचा किल्ला आहे. त्याच्या लगतच्या डोंगरापुढे विस्तीर्ण सपाट मैदान पसरलेले आहे. त्यांनी प्रथम खालून कोन मोजून डोंगराची उंची काढली. ती सुमारे ६५२ हात भरली. मग माथ्यावर जाऊन क्षितिज पाहिले. उंचावरून पाहिले की क्षितिज डोळ्याच्या सरळ रेषेपेक्षा किंचित खाली दिसते, कारण पृथ्वी गोल आहे. हा खालचा कोन त्यांना ३४ मिनिटे, म्हणजे अर्ध्या अंशाहून थोडा अधिक, आढळला.

उंची आणि हा कोन या दोन गोष्टी हाती आल्या की काटकोन त्रिकोणाच्या गणिताने पृथ्वीची त्रिज्या निघते. त्यांचे उत्तर सुमारे १ कोटी २८ लाख हात आले. त्या काळचा एक हात किती लांब होता यावर किलोमीटरमधील आकडा अवलंबून आहे. परंतु सामान्यतः मानले जाणारे माप घेतले तर तो आजच्या ६३७१ किलोमीटर या सरासरी त्रिज्येच्या अगदी जवळ जातो. हवेतून येणारा प्रकाश किंचित वाकतो, त्यामुळे अशा मापात थोडी चूक राहणारच. प्रकाशाच्या त्या वाकण्याला अपवर्तन म्हणतात. एक माणूस, एक डोंगर आणि एक कोन एवढ्या साधनांवर हे काम झाले.

संस्कृतच्या दारात

वयाच्या पंचेचाळिशीच्या आसपास त्यांनी संस्कृत शिकायला घेतली. ही भाषा त्यांना सोपी गेली नाही. तिच्यात एकाच वस्तूला अनेक नावे आहेत आणि एकाच शब्दाला अनेक अर्थ. मागचा-पुढचा संबंध पाहिल्याशिवाय अर्थ लागत नाही, हे त्यांनी लिहिले आहे. तिचे काही उच्चार अरबी जिभेला वळत नाहीत, अरबी लिपीत लिहिता येत नाहीत. शास्त्रही छंदात बांधलेले, त्यामुळे वृत्तासाठी शब्द वळवलेले. लेखनिक निष्काळजी. तरीही त्यांनी ग्रंथ मिळवण्यासाठी पैसा खर्च केला, दुरून पंडितांना बोलावले आणि वर्षानुवर्षे शिष्यासारखे त्यांच्यापुढे बसले.

सांख्य आणि पातंजल योग यांवरील ग्रंथ त्यांनी अरबीत आणले. उलट दिशेनेही त्यांनी काम केले : युक्लिडची भूमिती आणि टॉलेमीचे खगोलशास्त्र संस्कृतात सांगण्याचा त्यांनी प्रयत्न केला. पंडित ते ऐकून लगेच श्लोकांत बांधत आणि मग ते समजणे कठीण होई, अशी थोडी गमतीची तक्रार त्यांनी केली आहे.

इ.स. १०३० च्या सुमारास भारतावरील त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ, किताबुल हिंद, तयार झाला. त्याची ८० प्रकरणे आहेत. त्यांनी स्वतः पंजाबचा प्रदेशच पाहिला होता. पुढची माहिती त्यांनी ग्रंथांतून आणि माणसांकडून मिळवली. त्या माहितीत मऱ्हाटदेशाचा उल्लेख आहे, कोकणाचा आहे आणि समुद्रकाठच्या राजधानी ठाण्याचाही आहे. आपल्या भूमीचे नाव हजार वर्षांपूर्वीच्या अरबी पानावर पाहून मन भरून येते.

या ग्रंथात त्यांनी हिंदूंची मते त्यांच्याच ग्रंथांच्या आधारे सांगितली. जे पटले नाही ते पटले नाही असे म्हटले, परंतु खोटे काही त्यांच्या माथी मारले नाही. ज्या सुलतानाच्या राज्यात ते राहत होते, त्याच्या स्वाऱ्यांनी या देशाची समृद्धी उद्ध्वस्त झाली, लोक विखुरले, त्यांच्या मनात मुसलमानांविषयी तिटकारा उरला आणि त्यांची विद्या काश्मीर व बनारसकडे दूर निघून गेली, हेही त्यांनी नोंदवले. न्यायाने साक्ष देणे हे मोमिनाचे कर्तव्य आहे. ती साक्ष स्वकीयांच्या विरुद्ध असली तरी. बिरुनींनी ते पाळले.

निसर्गही त्यांच्या नजरेतून सुटला नाही. पर्वताच्या पायथ्याशी, जेथे नद्यांचा वेग मोठा आहे, तेथे गोटे मोठे आहेत. जसजसे दूर जावे तसतसे ते लहान होतात. आणि जेथे प्रवाह संथ होऊन समुद्राला मिळतो तेथे केवळ वाळू उरते. यावरून उत्तर भारताचे मैदान पूर्वी समुद्र होते आणि नद्यांनी आणलेल्या गाळाने ते भरून आले, असे अनुमान त्यांनी केले. वेगवान पाणी जड दगड वाहू शकते, मंद पाणी ते खाली टाकते. हाच नियम आज गाळाच्या खडकांच्या पाठात सांगतात.

तराजू आणि पाचू

सोने खरे की खोटे हे कसे ओळखावे? बिरुनींनी शंकूच्या आकाराचे एक पात्र बनवले. त्याच्या मानेला खाली वळलेली बारीक नळी होती. पात्र नळीपर्यंत पाण्याने भरावे, वजन केलेला धातू त्यात सोडावा. जितकी जागा धातू घेतो तितके पाणी नळीतून बाहेर येते. ते पाणी तोलले की धातू आपल्या आकारमानाच्या पाण्यापेक्षा किती पट जड आहे हे कळते. यालाच आज विशिष्ट गुरुत्व म्हणतात. या मोजणीत सोने पाण्याच्या १९.३ पट, पारा १३.६ पट, चांदी १०.५ पट आणि तांबे ८.९ पट भरते. हे आजचे आकडे आहेत. बिरुनींनी अनेक धातू आणि रत्ने यांची जी प्रमाणे काढली, ती यांच्याशी आश्चर्य वाटावे इतकी जुळतात.

रत्नांवरील ग्रंथात त्यांनी एका समजुतीची परीक्षा सांगितली आहे. पाचू पाहताच सापाचे डोळे फुटतात असे सर्वत्र मानले जाई. त्यांनी सापाच्या गळ्यात पाचू बांधले, त्याच्या अंगाखाली पसरले, त्याच्यापुढे पाचूंची माळ हलवली. उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात मिळून सुमारे नऊ महिने हा प्रयोग चालला. सापाला काहीही झाले नाही. झालेच असेल तर त्याची दृष्टी अधिक तीक्ष्ण झाली असेल, असा विनोदही त्यांनी केला. आपल्या घरांतील किती समजुती अशा नऊ महिन्यांच्या परीक्षेला उतरतील, याचा विचार प्रत्येकाने करावा.

मशिदीच्या दारातील उपकरण

नमाजच्या वेळा सावलीवरून ठरतात, म्हणून बिरुनींनी सावल्यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यात एक प्रसंग आहे, जो मला इमाम म्हणून नेहमी आठवतो. सावलीवरून वेळ दाखवणारे एक उपकरण होते, त्यावर रूमी महिन्यांच्या खुणा होत्या. एका धार्मिक माणसाने ते मशिदीत घेण्यास नकार दिला, कारण हे महिने परक्यांचे आहेत आणि त्यांचे अनुकरण निषिद्ध आहे. बिरुनींनी त्याला सांगितले की रूमी लोक अन्नही खातात आणि बाजारातही हिंडतात, तेव्हा त्याने या दोन गोष्टींतही त्यांचे अनुकरण करू नये.

दीनमध्ये ज्या अनुकरणाची मनाई आहे, ते श्रद्धेचे आणि उपासनेचे आहे. सूर्य ज्या गतीने चालतो ती गती कोणा एका समाजाची नाही. तिला कोणत्या महिन्याचे नाव द्यावे हा सोयीचा प्रश्न आहे. आपल्याच वेळेच्या नमाजसाठी उपयोगी पडणारे साधन त्या माणसाने शब्दाच्या भीतीने परत पाठवले होते.

सुलतान मसऊदच्या काळात त्यांनी खगोलशास्त्रावरील महाग्रंथ लिहिला आणि तो सुलतानाला अर्पण केला. सुलतानाने हत्तीवर लादलेली चांदी पाठवली आणि त्यांनी ती आपल्याला नको म्हणून परत केली, असे चरित्रकार सांगतात. त्यांच्या हातून शंभराहून अधिक लहान-मोठे ग्रंथ लिहून झाले. त्यांतील थोडेच आज शिल्लक आहेत.

अखेरचा संग्रह

ऐंशी वर्षांच्या पुढे गेल्यावर, डोळे आणि कान क्षीण झाले असताना, त्यांनी औषधांवरील ग्रंथ हाती घेतला. अबू हामिद अन-नहशई नावाच्या वैद्याने त्यांना साहाय्य केले. त्या ग्रंथात शेकडो वनस्पती, प्राणिज पदार्थ आणि खनिजे आहेत. आणि प्रत्येकाची नावे अरबी, ग्रीक, सुरयानी, फारसी, हिंदी, सुग्दी, ख्वारिझ्मी अशा ज्या ज्या भाषांत मिळाली त्या त्या भाषांत दिली आहेत. अरबी लिपीतील एक नुक्ता चुकला तरी औषधाचे नाव बदलते, आणि नाव बदलले की रोग्याच्या हातात दुसरीच मुळी पडते. या धोक्याविषयी त्यांनी प्रस्तावनेत खेद व्यक्त केला आहे. त्याच प्रस्तावनेत त्या रूमी माणसाची आणि बिया घेऊन जाणाऱ्या मुलाची आठवण आली आहे. सत्तर वर्षांनंतर तो मुलगा तेच काम पूर्ण करीत होता.

हिजरी ४४० च्या सुमारास, साधारण इ.स. १०५० मध्ये, गझनीत त्यांचा अंत झाला. अखेरच्या क्षणांची हकीकत फकीह अबुल हसन वलवालिजी यांच्याकडून आली आहे. ते भेटीस गेले तेव्हा बिरुनींचा श्वास घरघरत होता. त्या अवस्थेत त्यांनी वारसाहक्कातील एक मसला विचारला : आईकडील आजीच्या वाट्यासंबंधी पूर्वी झालेले बोलणे अपुरे राहिले होते. फकीहांना दया आली. या स्थितीत हे कशाला, असे त्यांनी म्हटले. बिरुनींनी उत्तर दिले की तो मसला न जाणता जग सोडण्यापेक्षा जाणून सोडणे चांगले. फकीहांनी तो समजावला, बिरुनींनी तो उच्चारून पक्का केला. फकीह निघून रस्त्यावर आले तोच मागून रडण्याचा आवाज ऐकू आला.

आपले शब्द कोणते

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला हे चरित्र सांगितले. मग तिचे पुस्तक पुन्हा उघडले. त्यातील वजन हा शब्द अरबी आहे. हवामान या शब्दातील हवा अरबी आणि मान संस्कृत. दोन भाषा एका शब्दात शेजाऱ्यांसारख्या राहतात आणि कोणी त्यांना वेगळे करीत नाही. भारतीयांच्या शून्याला अरबांनी सिफ्र म्हटले आणि तेथून ते युरोपला गेले. त्रिकोणमितीतील ज्या किंवा जीवा हा संस्कृत शब्द अरबीत जीब असा लिहिला गेला, पुढे तो जैब म्हणून वाचला गेला, आणि जैब म्हणजे वस्त्राची घडी किंवा खिसा म्हणून लॅटिनमध्ये त्याच अर्थाचा शब्द आला. जगभरची मुले आज तोच साइन म्हणून शिकतात. शब्द प्रवास करतात. ज्याने कष्ट करून शिकला, त्याचा तो झाला.

आता तिच्याजवळ एक वही आहे. तिच्यात तीन रकाने आहेत : मराठी, उर्दू आणि इंग्रजी. घनतेपुढे कसाफत, गुरुत्वाकर्षणापुढे कशिश-ए-सिक्ल असे शब्द तिने बहिणीकडून भरून घेतले आहेत. परावर्तन आणि अपवर्तन यांत तिचा अजून गोंधळ होतो. उर्दूतील इनइकास आणि इनइताफ यांतही होतो. चौथा अरबीचा रकाना मी भरतो, आणि काही ठिकाणी मलाच शब्दकोश पाहावा लागतो. दहावीनंतर तिने काय शिकावे याचा निर्णय तिच्या घरात अजून झालेला नाही. तिच्या वडिलांना मी एवढीच विनंती केली आहे की निर्णय काहीही घ्यावा, परंतु शब्द आपले नाहीत हे कारण सांगू नये.

माझ्या बंधू-भगिनींनो, आपल्या घरातील मूल एखादे पान, दगड किंवा किडा हातात घेऊन त्याचे नाव विचारत असेल तर त्याला झिडकारू नका. नाव माहीत नसेल तर माहीत असलेल्या माणसाकडे त्याला घेऊन जा, मग तो कोणत्याही धर्माचा किंवा भाषेचा असो. अल्लाहतआला आपणा सर्वांना उपयुक्त ज्ञान देवो, आपल्या मुला-मुलींसाठी ज्ञानाची दारे खुली करो आणि अल्लामा बिरुनींवर आपल्या कृपेचा वर्षाव करो. आमीन.